थोरलीच्या मानेवरचा डाग

स्टँडवरून गिटार उचलायला गेला तर तिच्याबरोबर स्टँडही वर आला. तीन पायांचा लोखंडी स्टँड, हवेत लोंबकळत राहिला. त्याला आधी हसूच आलं. मग त्याने एका हाताने स्टँड धरला, दुसऱ्याने गिटारची मान धरली आणि जरा जोर लावला. चर्र असा बारीक आवाज झाला, जुनी चिकटपट्टी ओढून काढताना होतो तसा, आणि गिटार सुटली. खिडकीशी नेऊन त्याने तिची पाठ उजेडात धरली. मानेच्या मागच्या अंगाला, स्टँडची दोन शिंगं जिथे टेकतात तिथे, दोन डाग पडले होते. लाकडावरचा चकचकीत लेप, लॅकर, विरघळून, फुगून, पुन्हा सुकून बसलेलं. मध्ये खड्डा आणि भोवती काळपट कडा. नख लावलं तर नख रुतलं. स्टँडच्या रबरावर लॅकरचा पापुद्रा तसाच चिकटून राहिला होता. त्याचं हसू तेव्हा थांबलं. हा डाग कशाचा असतो हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे हे कळायला जिला एक नजर पुरे, ती रविवारी येणार होती.

सकाळीच ठोक्याचा फोन आला होता. ठोक्या त्यांच्या बँडचा ड्रमवाला. हॉटेलच्या जेवणघरात हा बँड कैक वर्षं रोज संध्याकाळी वाजायचा, लोक जेवायचे, आणि जेवणाऱ्यांनी कधी मान वर केलीच तर ती वेटरला बोलावण्यासाठी. बँड मोडला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. "खर्ज्या, मी साठ वर्षांचा होतोय," ठोक्या म्हणाला. "रविवारी दुपारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत सगळे जमतायत. चार गाणी वाजवू आणि जेवू. थोरलीला घेऊन ये. धाकटीला मी बोलावलंय, कारण तू काही बोलावणार नाहीस." त्याने जपून विचारलं, "काय म्हणाली?" "म्हणाली, तो वाजवणार असेल तर येते. मी म्हटलं, अगं तो तर रोज वाजवतो, तूच तर सांगत असतेस." यावर तो "हो, हो" म्हणाला आणि फोन ठेवला. थोरली म्हणजे ही बेस गिटार. लग्नाच्या कितीतरी आधी घरात आलेली, म्हणून बँडवाल्यांनी तिचं नाव थोरली ठेवलं होतं आणि त्याच्या बायकोचं धाकटी. बायकोलाही ते आवडायचं. भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायची, "माझ्याकडे बघू नकोस, थोरलीला सांग करायला."

बायको आता दुसऱ्या शहरात बहिणीकडे राहते. भांडून गेलेली नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. बहिणीचा नवरा गेला, बहीण एकटी पडली, म्हणून ही महिनाभर सोबतीला म्हणून गेली आणि महिना संपला तेव्हा कुणीच काही बोललं नाही. निघताना ती दारात चपला घालत होती, एक हात भिंतीला टेकलेला. म्हणाली, "मला नाही तर नाही, थोरलीला तरी हात लावत जा." ती हे हसत म्हणाली होती, म्हणून तोही हसला. नंतर पुष्कळ दिवसांनी एकदा दाढी करताना त्याला ते वाक्य अर्थासकट ऐकू आलं आणि त्याने वस्तरा खाली ठेवला. ती गेली तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. पाणी येतं का, गुडघा कसा आहे, आणि शेवटी, ठेवता ठेवता, "थोरली कशी आहे?" आणि तो म्हणतो, "मजेत. रोज वाजवतो." ती "बरं" म्हणते आणि फोन ठेवते. खरं सांगायचं तर त्या घरात अख्ख्या आठवड्यात त्याला कुणी विचारावं असं तेवढंच एक वाक्य होतं. लग्नाचं जे काही शिल्लक होतं ते त्या एका प्रश्नात होतं, आणि त्याचं उत्तर तो पहिल्या रविवारपासून खोटं देत आला होता.

खोटं बोलण्याची त्याला नोकरीनेच सवय लावली असावी. लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत तो तक्रारींचे फोन घेतो. काचेच्या खोलीत बसतो, कानाला यंत्र लावतो आणि कुठे कुठे दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं त्याच्या कानात येतात. रडतात, शिव्या देतात, काही नुसता श्वास घेत राहतात. त्याने म्हणायचं, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. माणूस बहुतेक वेळा निघालेला नसतो, दुसऱ्याच इमारतीत तेलात बरबटलेला असतो. पण निघालाय म्हटलं की आतल्याचा श्वास खाली बसतो. त्याचा आवाज खालचा, जाड आणि सावकाश, ह्या कामाला अगदी जुळलेला. साहेब म्हणतात, तुमच्या आवाजानेच लोक निम्मे बाहेर येतात. तोच आवाज रविवारी फोनवर "रोज वाजवतो" म्हणायचा. एका बाईने अडकल्या जागेवरून त्याला एकदा विचारलं होतं, तुम्ही खरंच कुणाला पाठवलंय का हो, की नुसतं म्हणताय? त्याने म्हटलं होतं, निघालाय. घरी येताना बसमध्ये तो त्या बाईचाच विचार करत बसला होता.

पलंगावर चादर अंथरून त्याने थोरलीला पालथं निजवलं. खोलीत सकाळचं तिरपं ऊन आलं होतं आणि त्या उन्हात तिच्या अंगावरची एकेक गोष्ट दिसत होती. पाठीवर मधोमध बक्कलाचे चरे, शेकडो, एकमेकांवरून गेलेले. पट्ट्याला एवढं मोठं बक्कल लावायची तेव्हा फॅशन होती. मग सरळ करून बघितलं. वरच्या कडेला, उजवा हात जिथे टेकतो तिथे, लॅकर आणि रंग दोन्ही गेले होते आणि लाकूड उघडं पडलं होतं, कोपरापासून मनगटापर्यंतच्या आकाराचं. घाम मुरून ते लाकूड मधाच्या रंगाचं झालं होतं. बायको त्याला पहिल्यांदा भेटली ती ह्या जागेमुळेच. ती फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात होती, आणि हॉटेलच्या लांब लाकडी काउंटरला नवं पॉलिश मारायला कारखान्याची माणसं आली होती. दुपारची वेळ, जेवणघर रिकामं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आणि तो एकटा कोपऱ्यात सराव करत बसला होता. ती हातातलं फडकं घेऊनच जवळ आली आणि त्याच्याकडे नव्हे, गिटारकडे बघत म्हणाली, "इथलं पार गेलंय की. काउंटरबरोबर मारून देऊ का?" तो घाईघाईने म्हणाला, "नको, नको. कमवलंय ते." तेव्हा तिने पहिल्यांदा वर बघितलं. मग फडकं खांद्यावर टाकून तिने त्या जागेभोवती बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. वापरून गेलेल्याला कड नसते. हळूहळू विरत जातं. पडून खराब झालेलं बघा, त्याला कड असते." तिचं बोट फिरत असताना त्याचा हात तिथेच बाजूला होता, आणि लाकडावरून फिरणारं बोट त्याला आपल्याच हातावरून गेल्यासारखं वाटलं होतं.

ह्या डागांना कड होती. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागत होती. आणि हे व्हायचं काहीही कारण नव्हतं, कारण तो स्टँड घरी आला त्याच दिवशी बायकोने सांगितलं होतं की हे रबर जुनं लॅकर खातं. सांगून थांबली नव्हती. आपल्या एका विटलेल्या सुती ओढणीच्या पट्ट्या फाडून तिने स्टँडच्या दोन्ही शिंगांना घट्ट गुंडाळल्या होत्या आणि टोकं सुईदोऱ्याने शिवून टाकली होती. निळ्या पट्ट्या. ती गेल्यावर घर आवरायचं म्हणून एका रविवारी त्यानेच त्या उसवून धुवायला टाकल्या, कारण मळल्या होत्या. धुतल्या, वाळल्या, आणि वाळल्यावर दोरीवरून काढल्या त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे ओटा पुसायला लागल्या. एवढं साधं. पुन्हा गुंडाळायला किती वेळ लागला असता. पण त्या दिवशी गिटार उघड्या रबरावर ठेवताना त्याला वाटलं होतं, उद्या वाजवायला काढायचीच आहे. मग रोज येता-जाता तो तिच्याकडे बघायचा. कधी धूळ झटकायचा, तीही समोरून. बायको होती तेव्हा शेवटची दोन-तीन वर्षं असंच झालं होतं. बँड मोडला, तो लिफ्टवाल्यांकडे लागला, दिवसभर अडकलेल्या माणसांशी बोलून घरी आल्यावर त्याला कुणाशी बोलायला नको व्हायचं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, तो पलंगावर. मध्ये एवढीशी फरशी. तो तिच्याकडे बघायचा, ती आहे ना, असं मनात म्हणायचा आणि पेपर उघडायचा. तिचं डोकं टेकायचं तिथे भिंतीवर तेलकट गोल अजून आहे. रंगाऱ्याला त्याने तेवढी भिंत सोडायला सांगितली होती, आणि कारण विचारलं तेव्हा ओल आहे म्हणून सांगितलं होतं.

दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा विचार त्याच्या मनात आला आणि गेला. लॅकर मारून सुकायला रविवार उलटून गेला असता. मग त्याला सुचलं ते बरंच चलाख होतं. कितीतरी वाजवणारे मानेची पाठ मुद्दाम घासून घेतात, हात सटकन सरकावा म्हणून. सगळी पाठच घासून काढली तर डाग राहणारच नाहीत, उलट वाजवून वाजवून लॅकर गेलंय असं दिसेल. हार्डवेअरच्या दुकानातून त्याने जाडा आणि बारीक असे दोन्ही पॉलिश पेपर आणले, खुर्चीत बसून थोरलीला मांडीवर आडवं घेतलं आणि घासायला लागला. एवढ्या वर्षांनी ती मांडीवर आली होती ती अशी. पांढरी भुकटी विजारीवर पडत होती, लॅकरचा जुना गोडसर वास सुटला होता आणि हात आपोआप लयीत यायला लागला होता. डाग फिकट झाले, मग गेले. त्याला बरं वाटलं, म्हणजे कामाचं बरं वाटतं तेवढं. मग बारीक पेपरने त्याने वरपासून खालपर्यंत एकसारखा हात मारला आणि ओल्या कापडाने पुसून बघितलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तारा दाबायच्या वरच्या पडद्यांच्या मागे, जिथे त्याचा डावा अंगठा उभा जन्म सरकत आला होता, तिथली तपकिरी, काचेसारखी गुळगुळीत झालेली जागाही गेली. तिथलं लॅकर अंगठ्याने नेलं होतं, रोज थोडं थोडं. त्यासाठी कुणी पेपर आणला नव्हता. आता सगळी मान एकसारखी पांढरी झाली होती, सुताराकडच्या फळीसारखी. त्याने अंगठा ठेवला. अंगठ्याला काहीच ओळखीचं लागलं नाही. मग उठून दाट कोरा चहा उकळला, गाळला आणि बोळ्याने मानेला लावला, जुनं दिसावं म्हणून. दोन हात दिले. दुरून बघितलं तर फसण्यासारखं झालं होतं.

रविवारी दुपारी गच्चीवरच्या खोलीत सगळी साठीची पोरं जमली. ठोक्याचं पोट ड्रमला अडत होतं. कीबोर्डवाल्याने दोन चष्मे आणले होते आणि दोन्हींतून त्याला नीट दिसत नव्हतं. गाणारी बाई, जिला सगळे ताई म्हणायचे, खुर्चीत बसूनच गाणार होती. "खर्ज्या, तू तर तस्साच," ठोक्या म्हणाला. "रोज वाजवणाऱ्याचं बरं असतं बाबा. मी गेल्या वर्षी ह्या काठ्यांनी गाद्या झोडल्या, तेवढाच काय तो सराव." सगळे हसले. तोही हसला आणि तारा जुळवण्याच्या निमित्ताने भिंतीकडे वळला. ती आली तेव्हा पहिलं गाणं सुरू झालं होतं. दाराशीच उभी राहिली, हातात छोटी पिशवी. केस बरेच पांढरे झाले होते आणि तिने ते लपवले नव्हते. त्याला वाटलं होतं तिच्याकडे बघता येणार नाही, पण बघता आलं. बोटं आपल्या जागा शोधत होती, निम्म्या सापडत होत्या, आणि बेस चुकला तर जेवणाऱ्यांना कळत नाही, ह्या जुन्या दिलाशावर तो पुढे जात होता. पण दुसऱ्या गाण्यात उजव्या हाताची बोटं जळजळायला लागली. तिसऱ्यात तर तार लागली की डोळ्यांत पाणी यायला लागलं. एवढे दिवस तो मानेचाच विचार करत होता. बोटांचा विचार त्याला सुचलाच नव्हता. रोज वाजवणाऱ्याच्या बोटांना घट्टे असतात. त्याच्या बोटांच्या टोकांना फोड आले होते, नव्याने शिकणाऱ्याला येतात तसे, आणि चौथ्या गाण्याच्या मध्यावर त्यातला एक फुटला. त्याने गाणं शेवटपर्यंत नेलं. टाळ्या वाजल्या तेव्हा त्याने हात खिशात घातला.

जेवणाच्या ताटांची गडबड सुरू झाली तशी ती खोलीच्या कोपऱ्यात आली. "कसा आहेस?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता भिंतीला टेकवलेली थोरली उचलून मांडीवर घेतली, पूर्वी दर रविवारी पुसायला घ्यायची तशी. तिने आधी कोपराखालची जागा बघितली आणि तिच्या चेहऱ्यावर जरा ओळख आली. मग गिटार वळवली आणि अंगठा मानेवरून वरून खाली नेला. अर्ध्यावर अंगठा थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. तो उभाच होता. अडकलेल्या माणसाला मजल्यांच्या मधल्या भिंतीतल्या विटा दिसतात म्हणतात, तशा त्याला समोरच्या भिंतीच्या रंगातल्या रेघा दिसत होत्या. तिने अंगठा नाकाशी नेला. "चहा लावलास?" तिने अगदी हळू विचारलं, कामाच्या ठिकाणी दुसऱ्या पॉलिशवाल्याला विचारावं तसं. त्याने होकाराची मान हलवली. "आणि माझ्या चिंध्या?" "धुवायला काढल्या होत्या." "धुतल्यास?" "हो." "मग?" आमचा माणूस निघालाय, एवढंच वाक्य त्याच्या घशात तयार होतं. तिने त्याच्या खिशातल्या हाताकडे बघितलं. हात बाहेर काढ, असं ती म्हणेल असं त्याला वाटलं, आणि म्हणावं असं फार वाटलं. पण तिने गिटार जपून भिंतीला टेकवली, तारा भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे येईल अशी, आणि ठोक्याच्या बायकोला वाढायला मदत करायला गेली. निघताना दारात चपला घालताना तिने हात भिंतीला टेकवला नाही, ताईच्या खांद्यावर ठेवला. "बस चुकेल," ती सगळ्यांना म्हणाली. त्याला वेगळं काही म्हणाली नाही.

मधला आठवडा त्याने लिफ्टवाल्यांच्या काचेच्या खोलीत काढला. बोटांना पट्ट्या होत्या, बटणं दाबताना दुखायचं. एका म्हाताऱ्याला "माणूस निघालाय" म्हणता म्हणता तो थांबला आणि म्हणाला, "अजून निघालेला नाही, आजोबा. पण मी फोनवर आहे." मग म्हाताऱ्याने आपल्या कोंबड्या मांजराने कशा खाल्ल्या ते सविस्तर सांगितलं. घरी थोरली पलंगावरच होती, बायको झोपायची त्या बाजूला. स्टँड त्याने दाराबाहेर नेऊन ठेवला होता. वाजवता येत नव्हतं, पण रोज आल्यावर तो तिच्याशेजारी पडून डावा अंगठा मानेवर फिरवायचा. कोरडं लाकूड, चहाचा मंद वास. पुन्हा तशी जागा व्हायला जेवढी वर्षं लागतील तेवढी आता आपल्याकडे नाहीत, हे त्याला स्वच्छ कळत होतं. आणि ते कळूनही हात फिरत राहायचा.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोन वाजला तेव्हा तो फोनशेजारीच बसलेला होता. पाणी येतं का, तिने विचारलं. येतं. गुडघा? बरा आहे. तिच्याकडे पाऊस झाला होता, बहिणीने चष्मा बदलला होता. मग दोघंही थांबली. ह्या थांबण्यानंतरच तो प्रश्न यायचा. "बरं, ठेवते मग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने कानाला लावलेला फोन तसाच धरून ठेवला. खिडकीतून खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटार धुवत होतं, पाण्याचा आवाज येत होता. समोर रिकामी खुर्ची, तिच्यामागे भिंतीवरचा तो तेलकट गोल. इतकी वर्षं फोन तिचा यायचा. आपण एकदाही केलेला नाही, हे त्याला त्या क्षणी एखाद्या परक्याबद्दल कळावं तसं कळलं आणि त्या माणसाची त्याला लाज वाटली. त्याने नंबर लावला. तिने लगेच उचलला, जणू तिनेही अजून हातातून ठेवला नव्हता.

"काय झालं?" ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

पलीकडे भांडं सरकवल्याचा आवाज आला.

"थोरली कशी आहे?" तिने विचारलं.

"वाजवली नाही. बोटं फुटलीत," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा खालचा नव्हता, कुठल्यातरी मधल्याच पट्टीत अडकल्यासारखा येत होता. "रविवारच्या आधीही नव्हती वाजवली. तू गेल्यापासून एकदाही नाही. तुझ्या पट्ट्यांनी मी ओटा पुसतो."

पलीकडे तिने खुर्ची ओढून घेतली.

"बोटांना मीठपाणी लाव," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "उद्या विचारते."